भिंतीमागची माती

घर उताराला होतं. कुणीतरी कधीकाळी टेकडी कापून खाली घर बसवलं आणि वरची माती घरावर येऊ नये म्हणून मागच्या अंगणाला लागून दगडी भिंत उभी केली. भिंत माणसाच्या डोक्याहून चांगली हातभर उंच. भिंतीच्या वर सपाट जागा, आणि तिथे सासऱ्यांचा भाजीचा वाफा. खाली अंगणात उभं राहिलं की टोमॅटोचे शेंडे तेवढे दिसत, आणि सासरे कामाला वाकलेले असले तर त्यांची पाठ.

भिंतीच्या पायाशी, गुडघ्याच्या उंचीवर, ओळीनं भोकं होती. पाऊस झाला की त्यांतून पाणी ठिबकायचं आणि अंगणाच्या कडेनं गटारात जायचं. ती भोकं तिथे का ठेवली आहेत, असं घरात कुणी कधी विचारलं नाही. घराला खिडक्या असतात तशी भिंतीला भोकं. कुणी एकदा जरी विचारलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं.

सून शिवणकाम करायची. मागची खोली तिची, थेट त्या अंगणात उघडणारी. दाराशी शिलाई मशीन, कोपऱ्यात कापायचं टेबल, आणि खोलीच्या भिंतीला लागून एक छोटी खाट, जिच्यावर तिची लेक चिमी दुपारची झोपायची. दवाखान्यांचे पांढरे कोट शिवण्यात सुनेचा हात धरणारं कुणी नव्हतं. कापड आधी भिजवायचं, वाळवायचं, आटू द्यायचं आणि मगच कात्री लावायची, हा तिचा नेम. त्यासाठी दाराच्या चौकटीपासून दगडी भिंतीच्या दुसऱ्या टोकाच्या कडीपर्यंत तिरकी दोरी बांधलेली असे, आणि तिच्यावर सदानकदा पांढरं कापड. नवरा मालवाहू ट्रकवर. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, आणि उरलेले निम्मे झोपेत.

सासरे जन्मभर प्लंबर. गळणारा नळ म्हणजे त्यांना स्वतःची अब्रू गळतीय असं वाटायचं. कुणाकडे चहाला गेले तरी आधी मोरीत डोकावून येत. जेवताना कुठून थेंबाचा आवाज आला की घास हातातच राही. त्यांच्या स्वतःच्या घरात तर पाण्याच्या थेंबाची परवानगीशिवाय पडायची हिंमत नव्हती.

हा माणूस सुनेशी मात्र बोलत नसे. मुलानं न विचारता लग्न केलं, तो राग. मुलावर काढता आला नाही, म्हणून सुनेवर ठेवला. सांगायचं असेल ते चिमीच्या मार्फत. "चिमे, आईला सांग, आमटीत मीठ राहिलंय." आई तीन हातांवर उभी असली तरी तसंच. चिमी जन्मायच्या आधी ते मांजराला सांगत. सूनही काही कमी नव्हती. "चिमे, आजोबांना सांग, मीठ समोरच ठेवलंय." पोर बिचारी दोघांकडे बघून मान हलवायची आणि आपली जेवायची. आपण दोन बंद नळ्यांमधला जोड आहोत, हे तिला कुठून कळणार.

आता माती. वरच्या त्या मातीनं सासूबाईंना आयुष्यभर रडवलं होतं. चिकणमाती, पिवळट, जड. ओली असली की चपलेला अशी चिकटायची की चार पावलांत चपलेचा दगड व्हायचा. वाळली की भेगा पडायच्या, आणि भेगेत अख्खा हात जायचा. कुदळ मारली की साबणाची वडी कापल्यासारखा चकचकीत काप निघे, आत ना भोक ना भेग. पाणी घातलं तर वरच तळं. सासूबाईंची गाजरं बोटाएवढी व्हायची, तीही दोन तंगड्यांची. वांग्याचं रोप बुडातून सडायचं. "या मातीत काही होणार नाही," असं त्या दरवर्षी म्हणायच्या आणि दरवर्षी बी पेरायच्या. पेरता पेरताच गेल्या.

त्या असताना सासऱ्यांना वाफ्याकडे बघायला सवड नव्हती. त्या गेल्यावर तिथून हलायला सवड उरली नाही. एका सकाळी ते कुदळ घेऊन वर चढले आणि जणू त्या मातीनंच बायको नेली असावी अशा त्वेषानं तिच्यावर तुटून पडले.

पहिल्या वर्षी त्यांनी वाळू आणली. चिकट मातीत वाळू मिसळली की ती मोकळी होईल, असा सरळ हिशोब. वाळू मिसळली, पाणी मारलं, वर कडक ऊन पडलं, आणि वाफा असा काही आवळून बसला की त्यावर फरशा बसवता आल्या असत्या. शेजारचे सुतारकाका कुंपणावरून बघत होते. ते म्हणाले, "अहो, हा वाफा केलात की गच्ची?" सासरे आठवडाभर त्यांच्याशीही बोलले नाहीत. तिथे मध्ये घालायला चिमी नव्हती म्हणून अबोला लवकर मिटला.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की जड मातीला औषध एकच, तिला खायला घाला. झालं. सासऱ्यांनी मातीला खायला घालायला सुरुवात केली. पालापाचोळा पोत्यांनी आला. शेणखत आलं. चहाच्या टपरीवरचा चोथा, भाजीवाल्याच्या पाट्या झाडून उरलेली पानं, सुतारकाकांचा भुसा. भुशानं पानं पिवळी पडली तर दुप्पट शेणखत आलं. कुदळ दर वर्षी वीतभर खोल जाऊ लागली. ओल्या मातीवर पाय पडून ती पुन्हा दबू नये म्हणून त्यांनी वाफ्यावर फळ्या टाकल्या आणि फळीवरूनच चालू लागले. चिमीला वर यायची बंदी झाली.

माती मागत गेली आणि ते देत गेले. घरातली रद्दी गेली. उशांमधला जुना कापूस गेला. "चिमे, आईला सांग, सुती चिंध्या फेकू नकोस म्हणावं," असा निरोप आला आणि सुनेच्या चिंध्या पोत्यात भरून वर जाऊ लागल्या. एक दिवस सुनेनं सासूबाईंचं कपाट उघडलं तर सुती कपड्यांचा कप्पा रिकामा होता. विचारायचं तरी काय, आणि कुणामार्फत? चिमीच्या तोंडी घालण्यासारखा तो प्रश्न नव्हता. तिनं कपाट लावून टाकलं, पण त्या दिवसापासून वरच्या वाफ्याकडे बघताना तिला कसंसंच होई. एवढं सगळं खाऊनही तो वाफा जिथल्या तिथेच होता, फक्त जरा जास्त काळा आणि जरा जास्त उंच.

पण यश आलं, हे नाकारून चालणार नाही. माती काळी झाली, रवाळ झाली. मुठीत दाबली तर गोळा व्हायची आणि बोटानं टिचकी मारली की सुटायची. गांडुळं आली. टोमॅटो असे लागले की आधाराच्या काठ्या वाकल्या. सासरे ओंजळभर माती घेऊन खाली यायचे आणि सुतारकाकांच्या नाकाखाली धरायचे. "वास घ्या. घ्या ना." सुतारकाका वास घ्यायचे आणि म्हणायचे, "छान आहे, पण मी जेवून आलोय."

काळी होती ती फक्त वरची, दोन कुदळींच्या खोलीपर्यंतची माती. तिच्या खाली तीच जुनी पिवळी चिकण, थेंबही आत न घेणारी. ते दिसत नव्हतं म्हणून कुणाच्या मनात आलं नाही. पाणी आता वर तुंबत नव्हतं. भुसभुशीत मातीत भसाभस मुरत होतं, एवढं सगळ्यांना दिसत होतं. सासऱ्यांना तर इतका हुरूप आला की त्यांनी घराच्या छपराची पन्हळ पाईपनं जोडून अंगणावरून पलीकडे नेली आणि छपराचं पाणीसुद्धा वाफ्यात सोडलं. जोड असे पक्के की कुठे घाम नाही. "थेंब वाया जाणार नाही," ते हवेत म्हणाले. चिमी शाळेत होती, त्यामुळे कुणाला सांग असं म्हणता आलं नाही.

आणि मग भिंतीतल्या भोकांतून येणाऱ्या पाण्याचा रंग बदलला. पूर्वी गढूळसं यायचं, आता काळपट, चहासारखं, मातीचे कण घेऊन. ते अंगणातल्या फरशीवर पडायचं आणि उडायचं. एका सकाळी कोटांचं अख्खं कापड डागाळलं. धुतलं, घासलं, उन्हात टाकलं, डाग जाईना. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती अंगणात उभी राहून, वर दिसणाऱ्या पाठीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चिमे, आजोबांना सांग, त्यांची माती माझ्या कापडावर येतेय. हिचं काहीतरी करा म्हणावं!"

वरची पाठ सरळ झाली. दुपारी सासरे खाली आले, सिमेंटचं घमेलं, छोटी थापी आणि दगडाच्या चिपा घेऊन. एकेका भोकात चीप ठोकून बसवायची, वर सिमेंट, वरून बोटानं गुळगुळीत. जन्मभर केलेलं काम. सून दारातून बघत होती. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांची कुरकुर ऐकू येत होती, पण हात असे चालत होते की बघत राहावं. शेवटचं भोक बंद करून ते उठले, कमरेवर हात ठेवला, आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "आता एक थेंब येणार नाही बघ. माझी मातीही वाहून जात होती. दोघांचं काम झालं."

थेट तिला म्हणाले. मध्ये चिमी नाही, मांजर नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सून आत गेली, चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत गॅसजवळ उभी राहून मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, चहा."

त्यानंतरचे दिवस त्या घरातले सगळ्यांत चांगले दिवस. सासरे संध्याकाळी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचे, टोमॅटो पुसून तिच्या टेबलावर ठेवायचे आणि गप्पा मारायचे. कुणाच्या घरात टाकी फुटली होती, कोण बाई नळातून साप आला म्हणून रस्त्यावर पळत आली होती. सून मशीन चालवता चालवता हसायची. एकदा ते म्हणाले, "तुझ्या सासूला हे दाखवायला हवं होतं," आणि वर बोट केलं. मग जरा थांबून म्हणाले, "तिचे कपडे मी मातीतच घातले. दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघवले नसते." सुनेनं मशीन थांबवली. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांनी तो राहू दिला.

अंगण कोरडं खडखडीत होतं. भिंतीतून थेंबही येत नव्हता.

मग पाऊस लागला. धो धो नाही. बारीक, चिवट, दिवस दिवस न थांबणारा. पन्हळीचं पाणी पाईपमधून वाफ्यात जात राहिलं. सासरे खिडकीतून बघून म्हणायचे, "पितेय बघ कशी. पूर्वीची असती तर तळं झालं असतं."

पहिल्यांदा मागच्या खोलीचं दार घासायला लागलं. सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी दार वरखाली बघितलं, रंधा मारला आणि म्हणाले, "पावसात लाकूड फुगतंच." त्यांना लाकडापलीकडे काही दिसत नसे. रंधा मारून गेले, आणि दार पुन्हा घासायला लागलं.

मग दोरी. कापड वाळत घातलं की दोरी मधोमध झोळीसारखी लोंबायला लागली. सुनेनं गाठ सोडून ताणून बांधली. दोन दिवसांत परत झोळी. जुनी झाली, म्हणून नवी नायलॉनची आणली. तीही सैल पडली. ती दुकानदारावर करवादली, "असला कसला माल ठेवता?" दुकानदार म्हणाला, "ताई, ही दोरी ट्रक ओढते." तिनं पुन्हा ताणून बांधली. पुन्हा सैल. सुनेला त्या दोरीचा मनस्वी राग यायला लागला. सकाळी उठून पहिली नजर तिच्याकडे जायची, आणि दोरी खालीच असायची.

भोकं बंद केल्यापासून दार घासतंय, दोरी सैल पडतेय, असं नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. "दोरीचं कसलं घेऊन बसलीस? आणि पाण्याबिण्याचं बाबांना विचार ना, त्यांचं आयुष्य त्यात गेलंय. आता कुठे बोलायला लागलेत तुझ्याशी, उगाच काहीतरी काढू नकोस." हेच तर तिच्याही मनात होतं. भोकं त्यांनी तिच्यासाठी बंद केली होती. त्या भिंतीबद्दल ब्र काढायचा म्हणजे त्या दुपारच्या चहात मीठ टाकायचं.

पण एका दुपारी तिला राहवलं नाही. पाऊस जरा उघडला होता. चिमी खाटेवर झोपली होती. सुनेनं गळ्यातली मापाची टेप काढली, एक टोक चौकटीच्या खिळ्याला अडकवलं आणि दोरीच्या बाजूनं टेपेला टेप जोडत भिंतीच्या कडीपर्यंत माप घेतलं. तिला जुनं माप पाठ होतं. कापड किती लांब मावतं यावरून तिचे कोट बेतलेले असायचे. तिनं पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. चार बोटं कमी भरत होतं.

ती टेप हातात धरून तशीच उभी राहिली. कापड आटतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. अंगण कसं आटेल?

तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच भिंतीकडे भिंत म्हणून बघितलं. त्या टोकाला, कडीजवळ, भिंतीला पोट आलं होतं. दगडांच्या सांध्यांत केसासारख्या बारीक रेघा. आणि सगळी भिंत ओली, गार, घाम फुटल्यासारखी. भोकांवरचं सिमेंट मात्र जसंच्या तसं, एक थेंब बाहेर येत नव्हता.

सासरे पुढच्या खोलीत बी निवडत बसले होते. ती दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, जरा येता? भिंत पुढे आलीय."

सासरे हसले. "अगं, दोरी सैल पडते. भिंत कुठे चालत येते?"

"मी मोजलं, बाबा."

"टेप ओढली असशील."

"बाबा." ती मागे हटली नाही. "एवढे दिवस पाऊस पडतोय. छपराचं पाणीपण तिकडेच जातं. खाली एक थेंब येत नाही. मग ते पाणी जातं कुठे?"

सासऱ्यांचा हात बियांवरच थांबला. प्रत्येक घरात, प्रत्येक मोरीपुढे उकिडवं बसून, हा प्रश्न जन्मभर त्यांनी विचारला होता. इतकं पाणी आत जातं, मग ते निघतं कुठे? आणि स्वतःच्या घरात तो विचारायचा राहून गेला होता. तिला त्यांचा चेहरा बदलताना दिसला. रंगच उतरला.

ते उठले, बाजूच्या पायऱ्यांनी वर गेले. ती खालून बघत होती. त्यांनी फळीवर उभं राहून एक लांब सळई वाफ्यात खुपसली. ती लोण्यात जावी तशी गेली, आणि मग एका जागी अडकली. सळई बाहेर काढली. ते वाकून त्या भोकाकडे बघत राहिले. ते भोक पाण्यानं काठोकाठ भरलेलं होतं, हे तिला खालून दिसायचं कारण नव्हतं. त्यांची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. ती बराच वेळ सरळ झाली नाही.

खाली आल्यावर त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. मग हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकून बघितलं. आवाज भरीव, ठस्स आला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. भोकं मोकळी करायला हवीत. चूक झाली माझी." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "तुझं कापड पुन्हा डागाळेल."

"डागाळू दे."

"हं." त्यांनी खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "मला बटणं हवीत. मोठी, पांढरी. चौकातल्या दुकानातून घेऊन ये."

"आत्ता?"

"आत्ता. चिमीलापण ने."

"ती झोपलीय, बाबा."

ते खोलीत गेले. त्यांनी चिमीला खाटेवरून उचललं, डोळे चोळत असतानाच तिच्या पायात चपला घातल्या आणि तिला आईच्या कडेवर दिलं. पोर किरकिरली. त्यांनी तिचं नाक चिमटीत धरलं आणि सोडलं. "जा, पोरी," ते सुनेला म्हणाले. "सावकाश ये. घाई नाही."

ती गेली. मोठ्यांनी सांगितलं की जायचं, ही सवय. आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की उलट विचारावंसं वाटलं नाही. रस्त्यावर तिला बरंच वाटलं. सांगून टाकलं होतं. ते रागावले नव्हते. भोकं मोकळी होतील, पाणी जाईल, दोरी ताठ राहील.

बटणांच्या दुकानात बाईनं डबे पुढे ओढले. "कशासाठी हवीत? शर्टाला की कोटाला?"

सुनेनं तोंड उघडलं आणि तिला उत्तर सापडेना. सासऱ्यांना बटणं कशाला हवीत? आणि बटणं तर तिच्याच घरात डब्यांनी पडली होती. शिवणकाम करणारीच्या घरी बटणाला बाहेर का पाठवतील? चिमी दुपारची झोपलेली असताना हा माणूस साधा खिळा ठोकत नसे. त्यानं तिला झोपेतून उचललं, हातानं चपला घातल्या. आणि म्हणाला, सावकाश ये.

"हिला जरा बघा," एवढंच ती बोलली. चिमीला गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि धावत सुटली.

ती कोपऱ्यावर पोचली तेव्हा तो आवाज झाला. मोठा स्फोटासारखा नव्हता. ट्रकमधून एकदम खडी रिकामी करावी तसा, आणि त्याच्यामागून एक ओला, जड, बसका आवाज. पायाखालचा रस्ता हलला. मग सगळीकडे शांत झालं, आणि त्या शांततेत सुतारकाकांची हाक ऐकू आली. ते सासऱ्यांना नावानं हाका मारत होते.

ती घरातून मागच्या बाजूला धावली. तिच्या दारासमोर भिंत उभी होती, जशीच्या तशी. तिथली भोकं फोडलेली होती आणि त्यांतून मनगटाएवढ्या जाड धारा बाहेर पडत होत्या. पुढे भिंतच नव्हती. दगड, फळ्या, टोमॅटोची झाडं काठ्यांसकट, आणि काळ्या मातीचा ढीग अंगण ओलांडून मोरीपर्यंत आलेला.

"बाबा!"

ती ढिगावर गुडघे टेकून दोन्ही हातांनी उपसायला लागली. काळी माती किती सहज निघत होती. ओंजळी भरत होत्या, हात कोपरापर्यंत आत जात होते. इतक्या मोकळ्या मातीत माणसाला श्वास मिळेल, तिला वाटलं. आहे, अजून वेळ आहे. ती वेड्यासारखी उपसत होती आणि देवाला सांगत होती, एवढा एक माणूस दे, मी कधी काही मागितलं नाही. मग तिची बोटं गार, घट्ट, पिवळ्या मातीला लागली आणि थांबली. ती माती हातात येईना. तिनं नखं रोवली. नखं मोडली. सुतारकाका फावडं घेऊन आले, गल्लीतली आणखी माणसं आली. प्रत्येक फावडं त्या चिकणमातीत रुतून बसत होतं आणि पायानं रेटून सोडवावं लागत होतं.

सासरे त्या पिवळ्या मातीखाली होते. बाहेर काढले तेव्हा ते गेलेले होते. छिन्नी हातातच होती.

लोकांनी त्यांना खोलीत आणून चिमीच्या खाटेवर ठेवलं. खोलीत कुठे माती आली नव्हती. सुतारकाका दारात उभे राहून, घाम आणि डोळे एकाच बाहीनं पुसत, भिंतीच्या उरलेल्या भागाकडे बघत होते. माणसाला अशा वेळी काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

"कळत नाही मला," ते म्हणाले. "फुगलेली बाजू तिकडची होती, जी पडली ती. आधी तिथलं भोक फोडायचं, म्हणजे जोर उतरतो. हे यांना कळत नव्हतं? जन्म गेला पाण्यात. तिकडचं आधी फोडलं असतं तर कदाचित वाचले असते. या बाजूनं का सुरुवात केली यांनी?"

सून खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. तिनं मान वर करून उघड्या दारातून समोर बघितलं. दारापुढची सगळी भोकं एकेक करून फोडलेली होती, खाटेसमोरचं पहिलं, मशीनसमोरचं, मग पुढची. जिथे तिची खोली संपत होती तिथे फोडलेली भोकंही संपत होती.

"माझ्या दारापासून केली," ती म्हणाली.